दुसऱ्याच्या बातम्या टाकून पोर्टलवर जाहिरातीचे पैसे मिळतात का? नियम, हिशोब आणि धोके, सविस्तर माहिती

नांदेड / लातूर : "स्वतःचं न्यूज पोर्टल सुरू करा. बातम्या आपोआप येतील, जाहिराती आपोआप लागतील, पैसे थेट खात्यात." अशा आशयाचे मेसेज हल्ली गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. बारावी झालेला, मोबाईल चांगला हाताळणारा मुलगा घरात असला की साहजिकच वाटतं, बघावं करून. पण पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. त्या "आपोआप" येणाऱ्या बातम्या कोणाच्या? आणि त्यांच्यावर लागणाऱ्या जाहिरातीचे पैसे खरंच तुम्हाला मिळतात का?

या दोन प्रश्नांची उत्तरं नीट समजून घेऊया.

सिंडिकेशन म्हणजे काय?

एकाने तयार केलेला मजकूर अनेकांनी रीतसर परवानगी घेऊन वापरणं, याला सिंडिकेशन म्हणतात. ही पद्धत नवी नाही. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया म्हणजे पीटीआय ही वृत्तसंस्था ऑगस्ट १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ पासून बातम्या पुरवू लागली. दिल्लीतली एक बातमी शेकडो वर्तमानपत्रांत शब्दाला शब्द तशीच दिसते, ती याच कारणाने. जिल्ह्याच्या दैनिकाला दिल्ली-मुंबईत बातमीदार ठेवणं परवडत नाही, म्हणून ते वृत्तसंस्थेची बातमी घेतं. पण फुकट नाही. त्यासाठी वर्गणी भरावी लागते आणि करार करावा लागतो.

इंटरनेटवर हेच काम "फीड" करते. वेबसाइटवर नवी बातमी पडली की तिचं शीर्षक, थोडा मजकूर आणि लिंक एका ठराविक साच्यात बाहेर पाठवली जाते. या साच्याला आरएसएस फीड म्हणतात (नाव सारखं असलं तरी संघटनेशी याचा काही संबंध नाही). ही सोय १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आणली. एक काळ असा होता की गूगल या फीडमध्येसुद्धा जाहिराती लावून द्यायचं. ती सेवा २०१२ मध्ये बंद झाली. आता जाहिरात दिसते ती वेबसाइटच्या पानावर किंवा ॲपमध्ये.

इथे एक गैरसमज होतो. फीड उघडी आहे म्हणजे ती उचलून आपल्या पोर्टलवर टाकायला परवानगी आहे, असं नाही. रस्त्याच्या कडेला हरभरा उभा आहे म्हणून कोणी तो उपटून बाजारात विकत नाही, तसंच हे.

जाहिरातीचा पैसा येतो कुठून?

छोट्या पोर्टलवरच्या बहुतेक जाहिराती गूगल ॲडसेन्समार्फत येतात. ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. मराठी वेबसाइटला ती २०१८ पासून मिळू लागली. त्याआधी २०१४ मध्ये हिंदीला मिळाली होती.

पद्धत साधी आहे. जाहिरातदार गूगलला पैसे देतो. तुमच्या पानावर जाहिरात दिसली की त्यातला वाटा तुम्हाला मिळतो. जाहिरात गूगलच्याच यंत्रणेतून आली असेल तर साधारण १०० रुपयांपैकी ६८ रुपये पोर्टलवाल्याकडे येतात. यूट्यूबवर लांब व्हिडिओला हा वाटा ५५ टक्के आणि शॉर्ट्सला ४५ टक्के असतो.

पण पैसे रोज खात्यात पडत नाहीत. ॲडसेन्समध्ये १०० डॉलर जमा झाल्याशिवाय रक्कम सुटत नाही. तेवढे झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान ती बँकेकडे पाठवली जाते.

हिशोब मांडून बघा

दर पानागणिक, महिन्यागणिक बदलतो. समजण्यासाठी एक आकडा धरूया. समजा एक हजार वेळा पान उघडलं गेलं की तुम्हाला २० रुपये मिळतात. १०० डॉलर म्हणजे ढोबळमानाने साडेआठ हजार रुपये धरा.

८,५०० रुपये मिळवायला तुमची पानं ४ लाख २५ हजार वेळा उघडली गेली पाहिजेत. एका महिन्यात हे करायचं तर रोज साधारण १४ हजार वेळा. आता आपल्या तालुक्याची लोकसंख्या, त्यात मोबाईलवर बातम्या वाचणारे किती आणि त्यातले तुमच्या पोर्टलवर येणारे किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूने बघा. गावातल्या बी-बियाण्यांच्या दुकानदाराने किंवा कोचिंग क्लासवाल्याने महिन्याला १,००० रुपये देऊन थेट तुमच्याकडे जाहिरात लावली, तर ती वरच्या दराने ५० हजार वेळा पान उघडण्याइतकी झाली. म्हणजे तालुक्याच्या पोर्टलसाठी गूगलपेक्षा बाजारपेठेतला दुकानदार जवळचा. पण दुकानदार जाहिरात कधी देतो? त्याचं गिऱ्हाईक तुमचं पोर्टल वाचतं, असं त्याला दिसतं तेव्हा.

उचललेल्या मजकुराला ॲडसेन्स का नाकारतं?

"आपोआप बातम्या" देणारं पोर्टल इथेच अडतं. गूगलच्या नियमात स्पष्ट आहे, की दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलून, त्यात स्वतःची काही भर न घालता टाकलेल्या पानावर जाहिरात लावता येत नाही. अर्ज केला की असं पोर्टल बहुधा नाकारलं जातं. आधी मंजूर झालं असेल तरी नंतर जाहिराती बंद होऊ शकतात.

दुसरी अडचण सर्चची. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपले स्पॅमविरोधी नियम कडक केले. ढीगभर पानं फक्त सर्चमध्ये वर येण्यासाठी तयार केली, मग ती माणसाने केलेली असोत की एआयने, तर ती पानं खाली ढकलली जातात किंवा यादीतूनच काढली जातात. म्हणजे बातमीतले चार शब्द बदलून किंवा एआयकडून "नव्याने लिहून" घेऊनही सुटका नाही.

यूट्यूबलाही हेच लागू आहे. टीव्ही चॅनेलचे तुकडे जोडून केलेल्या व्हिडिओवर एक हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास पूर्ण झाले, तरी कमाई सुरू होईलच असं नाही. "रियूज्ड कंटेंट" म्हणून अर्ज परत येतो.

आणि आपल्याच जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं, मित्रांना ग्रुपवर "क्लिक करा रे" म्हणून सांगणं तर अजिबात करू नका. गूगल त्याला अवैध क्लिक समजतं. खातं बंद होतं, जमा रक्कमही जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

भारतात यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ आहे. ठळक गोष्टी अशा :

• घडलेली घटना कोणाच्या मालकीची नसते. अपघात झाला, धरण भरलं, भाव पडला, ही माहिती कोणीही आपल्या शब्दांत लिहू शकतो. पण दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं, त्याने काढलेला फोटो आणि व्हिडिओ यांवर त्याचा हक्क असतो.

• भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच. हिंदी किंवा इंग्रजी बातमीचं मराठी भाषांतर करून टाकलं म्हणजे ती आपली होत नाही.

• खाली "साभार" लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही होत नाही.

• कलम ६३ नुसार जाणूनबुजून कॉपीराइट मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं.

• धंद्याच्या कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, अशी सवलत त्याच कलमात आहे. पण तुमच्या पानावर जाहिराती असतील, तर "हौसेखातर केलं" हे सांगणं अवघड जातं.

मग रीतसर मिळणारा मजकूर कोणता?

घाबरून जायचं कारण नाही. वापरता येईल असा बराच मजकूर आपल्या हाताशी आहे.

१. जिल्हा माहिती कार्यालय : नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी हे कार्यालय आहे. योजना, अर्जाच्या तारखा, जिल्हाधिकाऱ्यांच्या सूचना यांची प्रसिद्धिपत्रकं इथून निघतात. राज्य पातळीवरची माहिती "महासंवाद" पोर्टलवर आणि केंद्राची पत्रकं पत्र सूचना कार्यालयाकडून मराठीत मिळतात. ही प्रसिद्धीसाठीच काढलेली असतात. मजकुरात फेरफार करू नका आणि कुठून घेतला ते लिहा.

२. बाजारभाव : कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समितीनिहाय आवक आणि दर रोज येतात. केंद्राचं ॲगमार्कनेटही आहे. लातूरचं सोयाबीन, उदगीरची तूर, धर्माबादची मिरची यांचे भाव लोक रोज शोधतात.

३. हवामान आणि शेती सल्ला : हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

४. मराठी विकिपीडिया : यातला मजकूर कमाईसाठीही वापरता येतो, पण श्रेय देणं, लिंक देणं आणि आपला मजकूरही त्याच परवान्याखाली खुला ठेवणं बंधनकारक आहे. फोटोचा परवाना वेगळा असतो, तो त्या त्या फोटोखाली वाचा.

५. वृत्तसंस्था किंवा दुसरं पोर्टल : लेखी करार करून. फोनवरच्या "टाका हो, काही हरकत नाही" वर विसंबू नका.

आता खरी गोष्ट. हा मजकूर रीतसर असला तरी तो सगळ्यांनाच मिळतो. तेच प्रसिद्धिपत्रक पन्नास पोर्टलवर असतं. वाचक तुमच्याकडेच का यावा?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ही बातमी देशभरात, परदेशातसुद्धा झळकली. सगळीकडे साधारण तोच मजकूर, तेच फोटो. पण त्या दिवसांत लातूरच्या माणसाला हवं होतं ते वेगळंच : आपल्या भागात टँकर कधी येणार, नळाला पाणी किती दिवसांनी सुटणार. ते दिल्लीची वृत्तसंस्था सांगत नाही, गावातला माणूसच सांगू शकतो. आणि तेवढ्यासाठी वाचक पुन्हा पुन्हा पान उघडतो.

म्हणून रीतसर घेतलेला मजकूर हे पीठ समजा, त्यात आपली भर घाला. पीक विम्याचं पत्रक आलं तर आपल्या तालुक्यात अर्ज कुठे भरायचा, कोणती कागदं लागतात, सेतू केंद्रावर गर्दी कधी कमी असते हे विचारून लिहा. भाव आला तर आडतीवर जाऊन ओलाव्यामुळे किती कपात झाली ते विचारा. माळेगाव यात्रेची बातमी आली तर एसटीच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक द्या. गूगल ज्याला "भर" म्हणतं ती हीच, आणि गावातला दुकानदार जाहिरात देतो तीही याच पानावर.

आपली बातमी दुसऱ्यांना देऊन कमाई

सिंडिकेशन उलट्या दिशेनेही चालतं. तुमचा मजकूर दुसरं ॲप दाखवतं आणि जाहिरातीतला वाटा करारानुसार तुम्हाला देतं. भारतीय भाषांत हे मोठ्या प्रमाणावर केलं ते डेलीहंटने. २००९ मध्ये उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी ते "न्यूजहंट" नावाने सुरू केलं. २०१२ मध्ये ते वीरेंद्र गुप्ता यांच्या व्हर्से कंपनीकडे गेलं आणि २०१५ मध्ये नाव डेलीहंट झालं. वर्तमानपत्रं आणि पोर्टल यांच्या फीड घेऊन त्या एकाच ॲपमध्ये दाखवायच्या, असा हा व्यवसाय आहे.

मात्र सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका, कारण जून २०२० चा धडा ताजा आहे. यूसी न्यूज या चिनी ॲपवर लेख टाकून अनेक जण कमाई करत होते. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात यूसी न्यूज होतं, न्यूजडॉगही होतं. त्या ॲपवरची कमाई एका रात्रीत थांबली. ज्यांची स्वतःची वेबसाइट होती, त्यांचं लिखाण तरी हाताशी राहिलं.

मोठ्या कंपन्या आणि वृत्त प्रकाशक यांच्यातही जाहिरातीच्या वाट्यावरून वाद आहे. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ७ जानेवारी २०२२ ला गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता. वाटा किती आणि कशावरून ठरतो हे मोठ्या वर्तमानपत्रांनाही विचारावं लागतं, तर आपण करार वाचूनच सही केलेली बरी.

गावात फोटो, व्हिडिओ काढून मोठ्या चॅनेलला किंवा पेपरला पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. तुम्ही तिथे नोकरीला नसाल आणि हक्क लेखी दिलेला नसेल, तर तो फोटो तुमचाच. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते.

"तयार पोर्टल" घेण्याआधी हे विचारा

• बातम्या कुठून येणार? त्या वापरायची लेखी परवानगी दाखवा.
• डोमेन कोणाच्या नावावर असेल? माझ्याच ईमेलवर आणि नावावर हवं.
• ॲडसेन्स खातं कोणाचं? दुसऱ्याच्या खात्यात पैसे जाणार असतील तर नको.
• "ॲडसेन्स मंजुरीची हमी" कशाच्या जोरावर देता? मंजुरी फक्त गूगल देतं.
• वर्षानंतर नूतनीकरणाचे किती?
• "आरएनआय नोंदणीकृत पोर्टल" किंवा प्रेस कार्डचं आमिष दाखवत असतील तर सावध व्हा. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे.

या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका. डोमेन आणि होस्टिंग स्वतः विकत घेता येतं. गूगलच्या ब्लॉगरवर तर फुकटात सुरुवात होते.

सुरू करायचं ठरलं तर

१. वय १८ पूर्ण हवं. नसेल तर आई-वडिलांच्या नावाने खातं उघडा.

२. ॲडसेन्समध्ये नाव आधार आणि बँक पासबुकावर आहे तसंच लिहा.

३. पत्ता नीट भरा. १० डॉलर जमा झाले की गूगल साध्या टपालाने पिन नंबरचं पत्र पाठवतं. गाव, वाडी किंवा तांडा, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर पानावरच्या जाहिराती थांबतात.

४. पैसे परदेशातून येतात, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. गावातल्या शाखेला तो नसेल तर त्याच बँकेच्या कोणत्या शाखेचा चालेल ते व्यवस्थापकांना विचारा. पतसंस्थेचं खातं यासाठी देऊ नका.

५. ही कमाई आयकरात दाखवावी लागते. जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या वर लागते. तरी एकदा सीएला विचारा.

६. बातम्यांचं पोर्टल असेल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पोर्टलवर हवा. तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पोर्टलची माहिती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवावी लागते.

थोडक्यात

दुसऱ्याचा मजकूर परवानगीने घेता येतो, पण नुसत्या त्याच्या जोरावर जाहिरातीचे पैसे येत नाहीत. विनापरवानगी घेतला तर पैसे राहिले बाजूला, नोटीस येऊ शकते. तालुक्यातल्या पोर्टलची खरी पुंजी म्हणजे जी माहिती दुसरीकडे कुठेच नाही ती. मग ती किनवटच्या एखाद्या तांड्याचा बंद पडलेला रस्ता असो, की देवणीच्या बाजारातला बैलाचा भाव. ती मिळवायला पायपीट करावी लागते. "आपोआप" काही येत नाही, बातमी नाही आणि पैसाही नाही.

ही माहिती उपयोगी वाटली तर आपल्या ग्रुपवर जरूर पाठवा, विशेषतः ज्यांच्या घरी पोर्टलसाठी पैसे भरायची तयारी चालू आहे त्यांना. पाठवताना मजकूर कॉपी न करता लिंकच पाठवा म्हणजे झालं.